चौदा नंबरचं पार्किंग

कामोठ्यात आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला एकच पार्किंग. आमचं चौदा नंबर. सोसायटी झाल्यापासून तिथे बाबांची जुनी लाल कूपे उभी आहे. दोन दारं, लांब नाक, आणि मागच्या सीटवर एक माणूस आरामात बसतो, पाय घरी ठेवून आला तर.

मी एसयूव्ही घेतली त्याच दिवशी सेक्रेटरी दिलीपकाका आले. "राजवर्धन, एकच गाडी राहील. दुसरी विका."

माझ्या गाडीला सहा एअरबॅग, छताला खिडकी, चारही बाजूंना कॅमेरे. बाबांच्या गाडीला हॉर्न. तोही डावीकडे वळलं की आपोआप वाजतो. पण कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं ट्रक चालवलेले आमचे बाबा हौसेराव ऐकतील तर शपथ.

"तुझं कपाट हाय ते," बाबा म्हणाले. "त्यात कपडे ठेव."

शेवटी आईनं निकाल दिला. दसऱ्याला दोन्ही गाड्यांची पूजा करायची. मग गेटपासून जी आधी चौदा नंबरात जाईल ती राहील, दुसरी विकायची.

दसऱ्याला चाकांखाली लिंबं लागली. माझी गाडी मोठी म्हणून आईनं हारही मोठा आणलेला. गाडीचं अख्खं तोंड झेंडूत बुडालं. दिलीपकाकांनी शिट्टी फुंकली.

एसयूव्ही हलेना. "समोर अडथळा आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"अगं बाई, हार हाय तो," आईनं तिला समजावलं.

तिला पटलं नाही.

"आई, हार काढ!"

"गाडी जागेवर लागल्याबिगर हार काढत न्हाईत."

"हारामुळेच लागत नाहीये!"

"मग लागली की काढू."

तिकडे कूपे चार वेळा खोकली आणि गप्प झाली. बाबांनी शांतपणे हँडब्रेक सोडला. गेटपासून आत उतार आहे. कूपे निघाली. वेग असा, की दुसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाई शेजारून चालत बाबांशी गुडघेदुखीवर बोलत होत्या.

"इंजिन बंद आहे!" मी ओरडलो.

"चालू पायजे असं कुठं ठरलंवतं?" बाबा खिडकीतून म्हणाले आणि चौदा नंबरात शिरले.

दिलीपकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी हरलो. बाबा उतरले, त्यांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांचा विजय जरा उतरला.

"आरं, इकतोस कशाला? कळंबोलीला माझ्या दोस्ताच्या, नामदेवच्या ट्रक यार्डात लाव."

आता माझी एसयूव्ही दोन ट्रेलरच्या मधे उभी असते. तिथे ती स्कूटर वाटते. रोज सकाळी बाबा मला कूपेतून तिच्यापर्यंत सोडतात. तिथे पोचलं की कूपे बंद पडते. मग मी तिला एसयूव्हीनं ओढत कामोठ्याला आणतो, चौदा नंबरात लावतो, कामावर जातो, आणि संध्याकाळी एसयूव्ही यार्डात ठेवायला निघतो.

"थांब," बाबा किल्ली शोधत म्हणतात, "तू परत कसा येनार? मी मागनं कूपे घिऊन येतो."