पहिलं आलेलं बदक

मी एक रबरी बदक बोलतोय. पिवळं अंग, लाल चोच, तळहातावर मावेल एवढा जीव. पोट दाबलं की चूं होतं, त्यापलीकडे मला आवाज नाही. पण आता गप्प बसवत नाही. गोड गोड ऐकायला आला असाल तर दुसरं एखादं खेळणं बघा. मी चिडलेलो आहे, आणि चिडूनच सांगणार आहे.

माझा जन्म बीदरच्या बाहेर, कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा अंगाला रबराच्या चिंध्या लोंबत होत्या. त्या ब्लेडने कापून मला गुळगुळीत केलं तुळजाने. जवळच्या कमठाणा गावची पोर ती, रोज बसने यायची. पुढे डोळे रंगवणाऱ्याचा हात हलला आणि माझा डावा डोळा थेट कपाळावर गेला. झालं, माल खराब. असलीच तीनशे तिरळी बदकं पोत्यात भरून कोपऱ्यात टाकली, आणि आमच्यावर वर्षभर धूळ बसली.

तुळजाची आई कलाबाई. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा बीदरला जाऊन चार-चार तास मशीनवर पडायचं, आणि परत येताना बसमध्ये दांडी धरून उभं राहायचं. कमठाण्यात आणि आसपास असे सात पेशंट होते. एकदा परतीच्या बसमध्ये कलाबाई चक्कर येऊन पडली आणि तिचं कपाळ फुटलं. तेव्हापासून तुळजाच्या डोक्यात एकच गोष्ट होती, या सात जणांना नेणारी-आणणारी गाडी पाहिजे.

गावच्या मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव. तुरीचे मोठे व्यापारी, पांढरा शर्ट, बोटात तीन अंगठ्या. त्यांनी मोबाईलवर कुठेतरी बदकांची शर्यत पाहिली होती. प्रत्येक बदकाला एक नंबर, प्रत्येक नंबराचं एक तिकीट, सगळी बदकं एकदम ओढ्यात सोडायची. ज्याचं बदक पहिलं येईल त्याला सायकल, आणि तिकिटांचा पैसा गाडीला. कमी पडेल ते अध्यक्ष घालणार. कल्पना त्यांची, हे मी मान्य करतो. पण बदकं कुणी आणली? तुळजाने. मालकाच्या मागे लागून तिने आमची पोती फुकटात सोडवली. तीन दिवस कामावरून आली की अंगणात बसून ती मार्करने आमच्या पोटावर नंबर लिहायची. माझा नंबर दोनशे बारा. लिहून झालं की फुंकर घालायची, वाळलं का ते बोटाने बघायची. इतकं जपून मला आजवर कुणी हातात धरलं नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला. ओढ्याला पाणी चांगलं होतं, काठावर अख्खं गाव जमलं होतं. खाली दोन बाजूंना जाळी धरून, कंबरेएवढ्या पाण्यात मंडळाचे स्वयंसेवक उभे. त्यांच्यातलाच रेवणसिद्ध नावाचा रिक्षावाला टोपल्या उचलून आणायला अजून वर आमच्याजवळ होता, जाळीकडे तो नंतर उतरला. आम्ही वर टोपल्यांत, सोडायला तयार. एवढ्यात हणमंतराव पुढे आले.

"पूजा झाली का बदकांची?"

"बदकांची कसली पूजा, अण्णा?" तुळजा म्हणाली.

"नवी वस्तू हाय. तेल-हळद लावल्याबिगर पाण्यात सोडायची न्हाई. आपल्यात रीत हाय ती."

आता रीत आहे, हे खरंच आहे. या भागात नवी मोटर असो, नवा नांगर असो, हळद लागल्याशिवाय कामाला लागत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुळजा स्पष्ट बोलली होती, मी कानांनी ऐकलंय. "अण्णा, तेलानं मार्कर निघतंय. कारखान्यात आमी डाग तेलानंच काढताव. नुसतं कुंकू लावा डोक्याला."

"तू मला शिकवायलीस का?" अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "देवाच्या कामात असलं आडवं लावू नये. लाव म्हणलो की लाव."

लावलं. दहा बायका बसल्या आणि नवरदेवाला माखावं तसं आम्हाला डोक्यापासून पोटापर्यंत तेल-हळदीने माखलं. फोटो काढायचे होते, पाहुण्यांचे हात पिवळे व्हायला नकोत, म्हणून अण्णांनी वरून फडक्याने चोळून पुसायला लावलं. माझा दोनशे बारा त्या फडक्यात गेला. शेजारच्याचा गेला, सगळ्यांचाच गेला. तुळजा एकेक बदक उलटं करून बघत होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं. ती काही बोलायच्या आत नारळ फुटला, हलगी वाजली आणि आमच्या टोपल्या पाण्यात पालथ्या झाल्या.

पहिला आलो मी. फुशारकी मारत नाही, प्रवाहच तसा सापडला. रेवणसिद्धाने मला उचललं, हात वर केला, लोक ओरडले. मग त्याने मला उलटं केलं. पोट कोरं. पुन्हा सुलटं केलं, पुन्हा उलटं. काठावरून लोक विचारायला लागले, "किती नंबर? कोणाचं हाय?" रेवणसिद्धाने अंगठ्याने माझं पोट पुसून पाहिलं.

मग जी ओरड सुरू झाली ती विचारू नका. सायकल माझीच म्हणणारे वीस जण निघाले. कुणी म्हणालं फसवणूक आहे, कुणी म्हणालं तिकिटाचे पैसे परत करा. हणमंतराव स्टेजवर लालबुंद. बाजूच्या माणसाला म्हणाले, "देऊन टाक सगळ्यांचे पैसे. गाडी न्हाई नि काय न्हाई. ह्या पोरीला साधे नंबर लिहिता आले न्हाईत, माझी इज्जत घालवली हिनं."

मला तळपाय नाहीत, पण तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. अहो, तेल कुणी लावायला सांगितलं? पुसायला कुणी सांगितलं? दहा बायकांनी ऐकलं होतं. रेवणसिद्धाने ऐकलं होतं, टोपल्या त्यानेच उचलून आणल्या होत्या. सगळे मूग गिळून बसले. रोज ज्याच्याकडे तूर घालायची त्याला कोण बोलणार?

तुळजाने एकदा आईकडे पाहिलं. कलाबाई पार मागे, झाडाखाली बसली होती, तिथपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. मग तुळजा स्टेजवर चढली. मी रेवणसिद्धाच्या मुठीत होतो. मला वाटलं, आता ही बोलणार, आता अण्णांची चांगली जिरणार.

"चूक माझी हाय," ती माईकवर म्हणाली. "म्या नंबर कच्चे लिहिले. अण्णांचा काई दोष न्हाई. बदकं पुसून परत लिहिते, शर्यत परत घेऊ. पैसे मागू नका, सात पेशंटची गाडी हाय." आणि तेच सगळं तिने पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं. म्हणजे खोटा दोष घ्यायचा तोसुद्धा दोन भाषांत, कुणी सुटायला नको.

लोक शांत झाले. अण्णांनी मोठ्या मनाने माफ केलं. हो, माफ केलं, टाळ्यासुद्धा घेतल्या. दुपारी पुन्हा शर्यत झाली, कुण्या लिंगराजच्या बदकाला सायकल मिळाली. मी गवतात अडकलो होतो. मला त्याचं काही वाटत नाही.

गाडी आली. पांढरी, बारा सीटची, दोन्ही बाजूंना हणमंतरावांचं नाव, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. उद्घाटनाला तुळजाला बोलावलं नाही. ड्रायव्हरचं काम रेवणसिद्धाला मिळालं. त्याने मला त्या दिवसापासून खिशात ठेवलं होतं. आता काचेसमोर लिंबू-मिरचीच्या शेजारी दोरीला टांगलंय. त्याला वाटत असेल ही आठवण आहे. मी तिथे लटकतो आणि सगळं ऐकतो.

परवाचीच गोष्ट. गाडीत सातही जुने पेशंट होते, तुळजा सुट्टी काढून आईला धरून बसली होती. सगळ्यात मागच्या सीटवर मुडबीहून लेकीकडे राहायला आलेली एक म्हातारी, नवीनच पेशंट. ती म्हणाली, "ही गाडी येणारच नव्हती म्हणं. कोणतर पोरगी होती, तिनं नंबरांची पार वाट लावली. अण्णा देवमाणूस, म्हणून निभावलं."

तुळजा खिडकीबाहेर बघायला लागली. आणि कलाबाई, जिच्यासाठी हे सगळं झालं ती कलाबाई, मागे वळून हात जोडून म्हणाली, "माझीच लेक हाय ती, अक्का. पोर हाय, चुकली. तिला माफ करा."

तुळजाने आईचे जोडलेले हात खाली घेतले आणि शालीत झाकले. रेवणसिद्धाने आरशात पाहिलं आणि गिअर बदलला.

रेवणसिद्धा, आता मी तुझ्याशीच बोलतोय. अण्णांना माझं काही सांगणं नाही, त्यांच्या कानात ते शिरणार नाही. पण तू टोपल्या उचलत होतास, तू ऐकलंस. तुझी नोकरी मला कळते, घरी तुझीही माणसं आहेत. तरी एक आई आपल्या लेकीच्या न केलेल्या चुकीची माफी मागते आणि तू गिअर बदलतोस? मला आवाज असता तर तुला गळ घातली नसती, मीच सांगितलं असतं. कमठाण्यापासून बीदरपर्यंत अर्ध्या तासाची वाट आहे. शुक्रवारी कलाबाई परत तुझ्या मागच्या सीटवर बसेल. तिला एवढंच सांग, की तुझ्या पोरीने तेल लावू नका म्हणून सांगितलं होतं.