माझ्या पोटातले जवसाचे तेल

मी मोटारीचे एक जुने इंजिन आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा कुणाच्या तरी दुर्लक्षाची तक्रार करतात. माझी तशी तक्रार नाही. माझे फार लाड झाले, आणि त्या लाडांनीच मी बंद पडले.

माझा जन्म १९२६ साली विलायतेत झाला. वितळलेले बिडाचे लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडवले. त्यात पावणेतीन इंच व्यासाची चार नळकांडी कोरली आणि प्रत्येकात ॲल्युमिनियमचा एक दट्ट्या बसवला. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामध्ये जेमतेम केसाएवढी फट होती. त्या फटीत तेलाचा पातळ पापुद्रा असला की मी मिनिटाला चार हजार फेरे घेते. तो नसला की मी एक मोठे वजन असते, दुसरे काही नाही.

दोनच माणसे बसतील अशा लाल, उघड्या, शर्यतीच्या गाडीत मला बसवले. अमरावतीच्या मोरोपंत वकिलांनी ती गाडी हौसेने मागवली होती. कोर्टात गंभीर दिसणारे मोरोपंत चाक हाती आले की टोपी काढून मांडीखाली दाबत, म्हणजे ती उडू नये. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट मी एकदाही न थांबता चढले, त्या दिवशी त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल कुपनावर मिळू लागले, तेही अपुरे. १९४३ साली मोरोपंत वकिलीसाठी अकोल्यास राहायला गेले. अमरावतीबाहेर त्यांचे स्नेही उत्तमराव यांची संत्र्याची वाडी होती. तिच्यातल्या छपराच्या खोलीत त्यांनी गाडी ठेवली. तिथल्या कुलपाची किल्ली मात्र उत्तमरावांच्या पत्नीच्या, माणिकबाईंच्या, हाती दिली, कारण उत्तमरावांची विळे-खुरपी रोज हरवत.

“वर्षातून एकदा वरची ही बुचं काढून या चारही भोकांत चमचाभर तेल घालायचं,” मोरोपंत म्हणाले. “म्हणजे आत गंज चढणार नाही. माझी ठेव समजा, माणिकबाई.”

“काई काळजी करू नोका, वकीलसाहेब. लेकरावानी सांभाळीन.”

त्यांनी शब्द पाळला. मोरोपंतांनी ठेवलेला तेलाचा डबा उत्तमरावांनी दोन महिन्यांत मोटेच्या चाकाला घालून संपवला आणि बाजारात तसे तेल मिळेना. पण माणिकबाई अडल्या नाहीत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरातल्या सगळ्यांच्या अंगाला तेल लावून झाले की त्या माझ्याकडे येत. भोके उघडून चमचाभर कुठले, वाटीभर तेल ओतत. घरच्या जवसाचे, घाण्यावरून आणलेले, सोन्याच्या रंगाचे! वर मला उटणे लावून ओवाळत. अशा तीन दिवाळ्या झाल्या. मी किती सुखात होते म्हणून सांगू!

१९४६ मध्ये अकोल्याहून कार्ड आले. ‘पेट्रोलची सोय झाली आहे. दसऱ्यास येतो. गाडी घेऊन जाईन.’

कार्ड वाचून दाखवायला मोरोपंतांची मुलगी सिंधू वाडीत आली. ती अमरावतीस मावशीकडे राहून त्याच वर्षी बी.एस्सी. झाली होती. तिने पुढून दांडा लावून मला फिरवायचा प्रयत्न केला. दांडा हलला नाही. उत्तमरावांनी जोर लावला. मग दोघांनी मिळून लावला. तरी नाही.

“गंजलं,” उत्तमराव म्हणाले.

“गंजन कसं?” माणिकबाई उसळल्या. “तीन दिवाळ्या तेल पाजलं म्या याले!” मग एकदम त्यांचा आवाज उतरला. “वकीलसाहेब काय म्हणतीन वं पोरी? ठेव ठेवली, अना माणिकबाईनं तिची माती केली.”

“काकू, पंधरा दिवस आहेत. उघडून बघू.”

“तुले येते?”

“बाबांच्या कपाटात या गाडीचं पुस्तक आहे. आणि उत्तमकाकांनी मोटेचं चाक सात वेळा खोललंय.”

“अना साती येळा उलटं बसवलं,” माणिकबाई म्हणाल्या. पण पदर खोचून उभ्या राहिल्या.

मला गाडीतून बाहेर काढायला वजन उचलायची यारी नव्हती. उत्तमरावांनी कडुनिंबाच्या फांदीला मोटेचे चाक बांधले, मोटेचा जाड नाडा माझ्याभोवती आवळला आणि दुसरे टोक पवळ्या बैलाला जोडले. मी अधांतरी लोंबकळत असताना ते बैलाला म्हणत होते, “हळू रे बाप्पा, हळू! दोरीले वकिलाचा जीव टांगला हाय!”

ओसरीवर माझा एकेक भाग सुटा झाला. प्रत्येक दट्ट्याच्या कड्या आणि झडपा त्याच्याच नळकांड्यात परत जायला हव्यात, असे सिंधूने बजावले. माणिकबाईंना अंक येत नव्हते. त्यांनी चार सुपे मांडून त्यांत तुरीचे एक, दोन, तीन आणि चार दाणे ठेवले. दुपारी चिमणीने चौथ्या सुपातला एक दाणा पळवला आणि माझी दोन तिसरी नळकांडी झाली. झडपांवरच्या खुणा जुळवून सिंधूने तो घोटाळा निस्तरला. तेव्हापासून सुपांत दाण्यांऐवजी हिरवी संत्री ठेवली. संत्रे पळवील अशी चिमणी वऱ्हाडात नाही.

पण दट्ट्ये सुटेनात. चार दिवस घासलेटमध्ये भिजवले, कोमट राखेत शेकले. शेवटी माणिकबाईंनी मुसळाच्या लाकडी टोकाला फडके गुंडाळून खालून नेमके ठोके दिले, तेव्हा एकेक दट्ट्या कुरकुरत वर आला. त्यांच्या कड्यांवर गंजाचा ठिपकाही नव्हता. होता तो मधाच्या रंगाचा, चकचकीत, कडक थर. सिंधूने तो नखाने खरवडला आणि हुंगला.

“काकू, तेल कोणतं घातलं होतं?”

“जवसाचं. साजरं, घरचं.”

सिंधूने नखावरचा कपटा उजेडात धरला. मग सावकाश म्हणाली, “जवसाचं तेल हवा खाऊन वाळतं, काकू. खोबरेल वाळत नाही, हे वाळतं. म्हणून तर सुतार ते दारांना लावतात.”

“खरं हाय,” उत्तमराव कपाळावर हात मारून म्हणाले. “मीच बैलबंडीच्या लाकडाले लावतो. आठ दिवसांत कसं कडक होते!”

माणिकबाईंनी मुसळ बाजूला ठेवले. “म्हंजे म्याच बंद पाडलं याले.”

“बाबांना सांगायची काही गरज नाही,” सिंधू म्हणाली. “नीट करू ना आपण.”

माणिकबाईंनी एक कडी उचलून उन्हात धरली. त्यांनी विचारले, “हे निघते कशानं?”

“क्षार हवा. वाळल्या तेलाचा त्याने साबण होतो.”

“पापडखार चालते?”

सिंधू हसलीच. कढईत पापडखाराचे पाणी उकळले आणि माझ्या लोखंडी कड्या, झडपा त्यात पडल्या. तासाभरात पाणी चहासारखे झाले. दट्ट्येही माणिकबाई त्यात टाकणार, तोच सिंधूने हात धरला. तिने ॲल्युमिनियमचा बारीक कीस आधी वेगळ्या वाटीत त्याच पाण्यात टाकून दाखवला. त्यावर बुडबुडे उठले.

“खाते काय हे त्याले?”

“खातं. म्हणून आधी थोडंसं करून पाहायचं.”

माणिकबाई त्या वाटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. दट्ट्ये मग घासलेट आणि बांबूच्या काड्यांनी साफ झाले. आता तेल घातले ते सिंधूने शहरातून मिळवून आणलेले, इंजिनाचेच; डबाभर पेट्रोलही तिनेच आणले.

खंडेनवमीच्या दुपारी मी पुन्हा गाडीत बसले. सिंधूने दांडा उचलला. माणिकबाई आडव्या आल्या.

“आज नाई. आज हत्यारायची पूजा. आज खुरप्यालेबी सुट्टी असते.”

“काकू, उद्या बाबांच्या समोरच बिघडलं तर?”

“तं बिघडन. पण आजचा दिवस त्याले निजू दे.”

त्यांनी मला हळदकुंकू वाहिले आणि झेंडूची माळ घातली. ओतले मात्र काहीच नाही.

दसऱ्याला मोरोपंत टांग्यातून उतरले. सिंधूने दांडा फिरवला. मी नुसते खोकले. दुसऱ्यांदा फिरवला, एक फुसका आवाज. माणिकबाईंनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या चारही नळकांड्यांत एकापाठोपाठ ठिणगी पेटली, झेंडूची माळ थरथरली आणि मी गरजले! मागच्या नळीतून निळा धूर निघाला. माझ्या कानाकोपऱ्यात उरलेले जवस जळत होते.

मोरोपंतांनी नाक वर केले. “उत्तमराव, फोडणी कुठं चालली आहे हो?”

उत्तमराव आभाळाकडे पाहू लागले. सिंधूने तोंड उघडले, पण माणिकबाई पुढे आल्या.

“वकीलसाहेब, हा माह्या जवसाचा वास होय. तीन वर्सं म्या हेच पाजलं, अना वाळून हे बंद पडलं. पोरीनं उघडून नीट केलं. तुमची ठेव म्या बिघडवली होती.” त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे धरली.

मोरोपंतांनी वाकून माझा आवाज ऐकला. “मी नुसतं ‘तेल’ म्हणालो,” ते म्हणाले. “कोणतं, ते सांगितलं नाही. तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही की डबा संपला का. वकील असून बोलण्यात एवढी मोठी फट ठेवली! चूक निम्मी माझी आहे, माणिकबाई.” त्यांनी किल्ली परत त्यांच्या मुठीत दाबली. “गाडी इथंच राहू द्या. अकोल्यात हिला बिघडवायलाही कुणी नाही आणि नीट करायलाही नाही. मी आगगाडीनं येत जाईन.”

त्या दिवशी सिंधूने चाक धरले आणि तिच्या शेजारी, मांडीवर संत्र्यांची डाली घेऊन, माणिकबाई बसल्या. “पाय कुठी ठेवू वं? हे तं बुडाखालूनच पळून राहिलं!” असे त्या ओरडत होत्या, आणि मी बडनेऱ्याच्या रस्त्यावर मनसोक्त धावत होते.

मित्रांनो, आज तिशी उलटून मी म्हातारे झाले आहे. तुमच्याही घरी कुणी ना कुणी असेल, एखादे यंत्र, एखादे झाड, एखादे जनावर, ज्याच्यावर तुमची माया आहे. माया करा, भरभरून करा. पण आपल्याला जे गोड लागते तेच त्याला पचते का, तेवढे आधी पाहा. माणिकबाई आजही दिवाळीला मला ओवाळतात. फक्त तेलाचा नवा डबा आला की त्यातला एक थेंब त्या खिडकीत ठेवलेल्या काचेच्या तुकड्यावर टाकतात आणि आठ दिवस रोज बोट लावून पाहतात. नवव्या दिवशीही तो ओला असला, तरच त्या माझे झाकण उघडतात.