कंदीलवाल्याचा दुसरा रिमोट

मित्रांनो, मला बघून तुम्हाला आधी हसूच येईल. करड्या रंगाचा चपटा ठोकळा, त्यावर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं एक बटण, उजवीकडे दोन लाल बटणं आणि शेपटीसारखी लोंबणारी वायर. वायरीचं टोक कशालाच जोडलेलं नाही. मी टीव्हीला लावायच्या जुन्या व्हिडीओ गेमचा रिमोट आहे. त्यातही दुसरा. माझा सगळा जन्म या एका शब्दात गेला.

पहिला रिमोट आणि मी एकाच साच्यातून निघालो. पुढे कारखान्यातल्या पट्ट्यावर त्याच्या पोटावर आणखी दोन बारीक बटणं बसवली गेली. एकाने खेळाडू किती ते निवडायचं, दुसऱ्याने खेळ सुरू करायचा. माझ्या पोटावर ती जागा सपाट राहिली. मी वाट पाहत होतो, पण पट्टा पुढे सरकला आणि मला खोक्यात भरलं. खेळ सुरू करणारा एकच असावा, असं कुणीतरी कुठेतरी ठरवून टाकलं होतं.

खोकं उघडलं ते पनवेलच्या बाजारात, ताहेरशेठांच्या दुकानात. ताहेरशेठांचा भाऊ दुबईला असे आणि सुट्टीवर येताना अत्तराच्या बाटल्यांपासून टेपरेकॉर्डरपर्यंत काय काय आणत असे. बळीराम नावाचे गृहस्थ जवळच्याच गावातून आले होते. त्यांचा मुलगा निकेश परीक्षेत पास झाला होता आणि त्याला बक्षीस हवं होतं. धाकटी रंजिताही पास झाली होती, भावापेक्षा चांगल्या गुणांनी. पण तो विषय त्या दिवशी निघाला नाही.

"दोन रिमोट आहेत, बळीरामशेठ," ताहेरशेठ म्हणाले. "बच्चे मिळून खेळतील. झगडा नको, फसाद नको."

घरी पोचल्या पोचल्या निकेशने पहिला उचलला आणि मी रंजिताच्या हातात आलो. त्या दिवसापासून ती माझी आणि मी तिचा.

टीव्हीला जोडायच्या आमच्या त्या डब्यात एकच खेळ होता. पाठीवर कंदील बांधलेला एक बुटका माणूस अंधाऱ्या खाणीतून चालायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा. त्याचं खरं नाव परदेशी अक्षरांत होतं आणि ते कुणाला वाचता येत नव्हतं. म्हणून सगळं गाव त्याला कंदीलवालाच म्हणायचं. पहिल्या खेळाडूचा कंदीलवाला तांबड्या सदऱ्यातला, दुसऱ्याचा हिरव्या. तांबडा पडला की मगच हिरव्याचा डाव. निकेशचा तांबडा लवकर पडत नसे. रंजिता मला मांडीवर घेऊन बसायची, अंगठे बटणांवर तयार ठेवून. डाव आला की मात्र असं खेळायची की निकेश तोंडाचा चंबू करून बघत राहायचा. आणि खेळ संपला की तिला मान वळवून म्हणावं लागायचं, "दादूस, चालू कर ना." माझ्या अंगावर ते बटणच नव्हतं ना.

त्यांची आई शकू चुलीजवळून ओरडायची, "आता बस करा दोगं पन. नायतर त्यो डबा चुलीत घालीन."

डबा चुलीत गेला नाही. ते दिवस चांगले होते, हे मला मान्य करायलाच हवं. एका वर्षी रंजिताला कावीळ झाली. शाळा बंद, बाहेर खेळणं बंद, जेवणात नुसता भात आणि ताक. तेव्हा निकेशने स्वतःहून तिच्या हातात पहिला रिमोट दिला आणि मला आपल्या हातात घेतलं. आपल्या डावात तो मुद्दाम खड्ड्यात पडायचा, म्हणजे तिचा डाव लवकर यावा. ती बरी झाल्यावर सगळं पूर्ववत झालं. पण तेवढे दिवस मी त्याच्या हाताची ऊब अनुभवली आहे. रंजितानेही ते दिवस कधी मनातून पुसले नाहीत. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

वर्षं गेली. गावाची जमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली, त्या बदल्यात प्लॉट आला, जुनं घर पाडून तिथे तीन मजली बंगला उभा राहिला. घर पाडताना डबा आणि पहिला रिमोट भंगारवाल्याच्या हातगाडीवर पडले. मीही पडलो होतो. लग्न ठरलेली रंजिता धावत आली आणि तिने मला वायरीला धरून ओढून काढलं. निकेशची बायको, तिची वहिनी, म्हणाली, एकट्या रिमोटचं करणार काय? रंजिताने माझी वायर गुंडाळली. साड्यांच्या घडीत बसून मी कळंबोलीला तिच्या सासरी आलो. तिचा नवरा शैलेश लोखंड बाजारात कामाला आहे, भला माणूस. त्याने मला टीव्हीच्या शेजारी जागा दिली आणि त्यावरून कधी थट्टा केली नाही.

मग बळीराम गेले. दिवस घातल्यावर निकेश कागद घेऊन कळंबोलीला आला. प्लॉटवर एकट्या भावाचं नाव लागावं म्हणून बहिणीने हक्क सोडायचा, सही करायची. आमच्या भागात घरोघरी बहिणी अशी सही करतात आणि बदल्यात माहेर शाबूत राहतं. रंजितानेही केली. पण सही करण्याआधी तिने विचारलं, "दादूस, माझं नाव राहिलं तर काय बिघडतं?"

एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. निकेशने सही झालेला कागद घेतला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. त्यानंतर त्याने फोन केला नाही. रिया जन्मली तेव्हा वहिनी येऊन बाळाच्या हातावर पाकीट ठेवून गेली, तो आला नाही. आई फोन करायची. जेवलीस का, पोरीला सर्दी हाय का, सगळं विचारायची. फक्त "ये" म्हणायची नाही. ते म्हणणं आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. मी टीव्हीशेजारून ऐकायचो. फोन ठेवल्यावर रंजिता थोडा वेळ मोबाईलकडे बघत बसायची. तिला प्लॉट नको होता, मित्रांनो. भावाने एकदा "ये" म्हणावं, एवढंच हवं होतं.

आणि अशात कंदीलवाला परत येणार अशी बातमी आली.

एका दुपारी रियाला मांडीवर झोपवून रंजिता मोबाईल बघत होती. अचानक तिचा हात थांबला. तोच बुटका, तोच कंदील, पण आता गुळगुळीत, चकाकता, डोळे मिचकावणारा. लवकरच येत आहे, आत्ताच नाव नोंदवा. तिने लगेच नोंदवलं. संध्याकाळी शैलेश आल्यावर त्याला जाहिरात दाखवली. त्याने समजावलं की हा न संपणारा खेळ आहे, माणूस आपोआप धावत राहतो, आपण अंगठ्याने त्याला इकडेतिकडे सरकवायचं.

"मग जिंकायचं कधी?" रंजिताने विचारलं.

"जिंकायचं नसतंच त्यात. पडेपर्यंत पळायचं."

तिला ते काही पटलं नाही. पण ती जाहिरात ती रोज बघू लागली. कधी भाजी चिरताना, कधी रियाला भरवताना. ती हिरव्या सदरेवाल्याला शोधत होती. एके ठिकाणी मागे अंधारात काहीतरी हिरवं हललं, असं तिला वाटलं. तिने ते शैलेशला दाखवलं, मलाही दाखवलं. मला ते झाड वाटलं, पण मी कोण सांगणार?

त्याच आठवड्यात निकेशचा निरोप आला.

मोबाईल वाजला, तिने बघितलं आणि रियाला खाली ठेवून उभीच राहिली. पडद्यावर कंदीलवाल्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, "मी तुझी वाट पाहतोय. ये, आपण पुन्हा एकत्र धावू."

निकेशने आयुष्यात कधी असं लिहिलं नव्हतं. तो बोलून पाठवणारा माणूस. दोन ओळी लिहायच्या तर त्याला घाम फुटतो. रंजिताला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. किती जपून लिहिलंय बघा, ती शैलेशला म्हणाली, बोलायला लाजला असेल. शैलेश म्हणाला, एकदा फोन करून बघ. ती म्हणाली, नको, त्याने एवढं लिहिलं, आता विचारत बसले तर परत बिनसेल.

एकदा प्रश्न विचारून तिने माहेर गमावलं होतं. म्हणून या वेळी तिने विचारलं नाही.

रविवारी तिने निकेशला आवडते म्हणून जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी केली. डबा भरला, रियाला नवा फ्रॉक घातला, आणि पिशवीत डब्याशेजारी मला ठेवलं. रिक्षा हमरस्त्यावर ट्रकांच्या मधून वाट काढत निघाली. पिशवीत लसणाचा वास कोंडला होता. ती वाटभर रियाला सांगत होती, मामाकडे जायचं, मामाकडे. कितीतरी दिवसांनी मी कुणाच्या तरी कामाचा होणार होतो. माझी वायर तिने ओल्या फडक्याने पुसली होती.

दार निकेशने उघडलं. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"काय झाला?" तो म्हणाला. "पोरगी बरी हाय ना?"

न बोलावता बहीण दारात आली म्हणजे वाईट बातमीच असणार, असं त्याला वाटलं. ती हसली, आत आली. आई आतून धावत आली आणि रियाला तिने छातीशी धरलं. वहिनीने पाणी दिलं. निकेश उभाच होता.

"सरल सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "प्लॉटचा काय असंल तं आत्ताच बोलून टाक. आडून आडून नको."

रंजिताला आधी कळलंच नाही. मग तिने मोबाईल काढला आणि निरोप त्याच्यापुढे धरला. "तूच बोलावलंस ना, दादूस."

निकेशने वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने आपल्या मुलीला हाक मारली. अंकिता आली, दहा-अकरा वर्षांची, चुणचुणीत. तिने एका नजरेत ओळखलं.

"अगं आत्या, ते मी पाठवलं, पप्पांच्या मोबाईलवरून. सगळे कॉन्टॅक्ट सिलेक्ट करून सेंड. जितके जास्त लोक जॉइन होतील, तितका पहिल्या दिवशी मोठा कंदील मिळतो. तू जॉइन झालीस ना?"

निकेश एकदम हसला. "तरीच त्यो पान्याचा टँकरवाला मना इचारीत होता, शेठ, कवा धावायचा हाय." वहिनीही हसली. रंजिताही हसली, मित्रांनो. सगळे हसतात तेव्हा हसावंच लागतं. फक्त आई हसली नाही. ती रियाच्या फ्रॉकची नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिली.

"आणि हिरवावाला?" रंजिताने अंकिताला विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"तो आहे ना. पण त्याला विकत घ्यावं लागतं."

तेवढ्यात पिशवीतून माझी वायर बाहेर आलेली अंकिताला दिसली आणि तिने मला ओढून काढलं. हे काय, याचा पडदा कुठंय, म्हणून ती मला उलटसुलट करू लागली. निकेशने मला तिच्याकडून घेतलं. त्याचा अंगठा माझ्या लाल बटणावर टेकला, तिथे थांबला. हात तोच होता, रुंद झालेला. क्षणभर मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. रंजिता त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ह्यो कशाला आनलास?" त्याने विचारलं.

"मी खेळायला आले होते, दादूस."

निकेशने मला टेबलावर ठेवलं, चाव्यांच्या शेजारी, आणि घड्याळाकडे बघितलं. त्याला एका माणसाला भेटायला जायचं होतं.

"आता आयलीस तं चा घेऊन जा," तो म्हणाला.

'बस' म्हणाला नाही, 'जेवून जा' म्हणाला नाही. चहा आला, तिने तो संपवला, एक घोटही न टाकता. निघताना वहिनीने जवळ्याचा डबा रिकामा करून, धुऊन, पुसून तिच्या हातात दिला. आमच्याकडे बहिणीचा डबा कुणी रिकामा परत देत नाही. निदान मूठभर तांदूळ तरी घालतात. वहिनी नव्या रीतीची, तिला ते सुचलं नसेल. आईला सुचलं. ती आत वळलीही. पण निकेश गाडीची चावी हातात घेऊन दारात उभा होता, आणि आई तिथेच थांबली.

परतीच्या रिक्षात रंजिता मामाबद्दल काही बोलली नाही. रियाला भूक लागली होती, तिला तिने पदराखाली घेतलं आणि बाहेर बघत राहिली.

कंदीलवाला ठरल्या तारखेला आला. रंजिताच्या मोबाईलवर घंटी वाजली, खेळ तयार आहे म्हणून. तिने ती बोटाने बाजूला सारली आणि कुकर लावायला गेली. आता म्हणे लाखो लोक तो खेळतात. रिक्षात, बँकेच्या रांगेत, जो तो आपापल्या अंगठ्याने, आपापल्या खाणीत, एकटा. दुसऱ्या रिमोटची कुणालाच गरज नाही.

मी हल्ली रियाच्या खेळण्यांच्या टोपलीत असतो. तिला दात येताहेत, ती माझा कोपरा चावते. रंजिता मला तिच्या तोंडातून काढून धुते आणि पुन्हा तिच्याच हातात देते. माझी तक्रार नाही. इतक्या प्रेमाने मला फार कमी वेळा कुणी धरलं आहे.

पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मित्रांनो, तुमच्या हातात आता असं यंत्र आहे की एका बोटाने शंभर जणांना "ये" म्हणता येतं. जरूर म्हणा. पण पाठवण्याआधी त्या शंभर नावांवरून एकदा नजर फिरवा. त्यात एखादं माणूस असं असतं, जे त्या एका शब्दासाठी कितीतरी दिवस थांबलेलं असतं. ते खरोखर निघतं, लेकराला नवा फ्रॉक घालून. आणि ते दारात येऊन उभं राहिलंच, तर उठा, त्याला आत घ्या, ताट वाढा. ते चुकून बोलावलं गेलं होतं, हे त्याला कधीच कळू देऊ नका.