चाकापुढचा नारळ

माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या लोणावळ्याला माहीत आहे. चिक्कीच्या कारखान्याचा टेम्पो चालवतो मी, अठरा वर्षं झाली. पुढची गाडी हलली नाही की माझा हात हॉर्नवर आणि तोंड खिडकीबाहेर. पण पोरीवर हात मी आयुष्यात एकदाच उचलला. त्या एकदाचंच सांगायचं आहे.

माझी मुलगी रेणुका. स्केटिंग करते. शर्यतीचं नव्हे हं, गाण्यावरचं. टीव्हीत बर्फावर गिरक्या घेतात ना, तेच, पण चाकांवर. आमच्याकडे बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर. तुंगार्लीत एक हॉटेल बंद पडलंय, त्याच्या लग्नाच्या हॉलमध्ये माहनूर मॅडम शिकवतात. त्या स्वतः राज्यापर्यंत खेळल्या, मग गुडघा गेला. रेणुका सात वर्षांची असताना त्यांनीच मला सांगितलं, "संदेशभाऊ, हिच्या पायात काहीतरी आहे, हिला सोडू नका." मी कशाला सोडतोय! मला चाकांतलं कळतं. तिच्या बुटांची आठही चाकं मी स्वतः खोलायचो, रॉकेलमध्ये धुवायचो, तेल द्यायचो. बोटानं फिरवलं की चाक कितीतरी वेळ फिरत राहायचं. बायको हिरा म्हणायची, "टेम्पोचं एवढं केलंत तर शेठ पगार वाढवेल."

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याची निवड होती. शिरगावच्या जरा पुढे एका खासगी शाळेत नवा रिंक झाला होता, सिमेंटचा, वर गुळगुळीत निळा रंग. निघायच्या आधी गावाहून आबांचा, माझ्या वडलांचा फोन. "पोरगी नव्या जागंत चाकं घालनार हाय. नारळ फोडलास का न्हाई?"

"वाटेत देऊळ आहे आबा, तिथं फोडतो."

"देवळात न्हाई रं! टेम्पो घेतला तवा कुटं फोडलावता? चाकापुढं. तसाच फोड."

आता आमच्यात नवी गाडी आली की चाकापुढे नारळ फुटल्याशिवाय ती जागची हलत नाही. मला पटलं. चाकं ती चाकंच, टेम्पोची काय आणि स्केटची काय. शिरगावला देवळासमोर नारळ घेतला आणि रिंकवर माणसं यायच्या आत, तिचे बूट कडेला मांडून, त्यांच्यापुढे रिंकच्या काठावर आपटला. एका फटक्यात दोन शकलं. मला काय आनंद झाला होता! झाडू मारणाऱ्या मावशी ओरडत आल्या, "ओ भाऊ, हितं काय फोडताय? पोरं पडत्याल!"

"शुभ काम आहे मावशी, गप बसा," म्हणालो. आणि रुमालानं सगळं पुसून घेतलं. सगळं, असं मला वाटलं.

रेणुका बारा वर्षांची होती. पहिली दोन मिनिटं ती अशी काही खेळली की शेजारची बाई मला विचारायला लागली, ही कुणाची हो? मी म्हटलं, माझी. शेवटी ॲक्सेल होती. म्हणजे तोंड पुढे ठेवून डाव्या पायावरून उडायचं, हवेत दीड गिरकी घ्यायची आणि पाठमोरं उतरायचं. पंचांच्या टेबलासमोरच्या कोपऱ्यात ती वळली, डावा पाय टाकला आणि उडायच्या आतच तोंडावर आपटली. फाडकन आवाज झाला. उठून पुढचं कसंबसं केलं. नंबर गेला.

पार्किंगमध्ये टेम्पोच्या मागे ती म्हणाली, "पप्पा, चाक अडलं."

मी पेटलो. चाक? मी धुतलेलं चाक? "स्वतःला घाबरायला झालं आणि चाकाला नावं ठेवतेस? खोटारडे!" आणि दिली एक कानाखाली. हात मोडायला हवा होता तेव्हाच. ती रडली नाही. टेम्पोत बसली आणि लोणावळा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी चाकं खोलायला बसलो. डाव्या बुटाचं पुढचं एक चाक फिरेना. बघतो तर चाकात करवंटीची कपची रुतलेली, नखाएवढी. चिमट्यानं ओढून काढली. हिरा आत भाकऱ्या थापत होती, पोरगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मधे फक्त पडदा. दोन पावलं टाकून सांगायचं होतं, बाळा, तुझं खरं होतं. नाही टाकली. लाज वाटली. बापानं मुलीपुढे नाक घासायचं? उद्या सांगू म्हटलं. कपची कागदात बांधली आणि टेम्पोत साईबाबांच्या फोटोमागे खोचली.

उद्याची दोन वर्षं झाली.

त्या दोन वर्षांत काय झालं ते ऐका. हॉलमध्ये रेणुका ॲक्सेल दहापैकी दहा वेळा मारायची. स्पर्धेला उभी राहिली की मात्र एकदाही जमायची नाही. एकदा ती उडी गाळून साधीच मारली. एकदा दोन्ही पाय टेकवले. एकदा तर कोपऱ्यापाशी येऊन नुसती उभी राहिली, गाणं संपेपर्यंत. स्पर्धेच्या सकाळी उलट्या व्हायच्या. तळहाताची सालं काढायची, रक्त येईपर्यंत.

माहनूर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "संदेशभाऊ, तिचं तंत्र नाही बिघडलेलं. दडपण सगळ्यांनाच येतं, मलाही यायचं. पण तेव्हा निदान आपल्या पायावर भरवसा असतो. हिला तोच नाही. ती म्हणते, ऐन वेळी माझे पाय मला फसवतात. कुठून आलं हे तिच्या डोक्यात?"

मी म्हणालो, "काय माहीत मॅडम. पोरींचं वय असतं."

असा मी माणूस.

मॅडमनी मग स्पष्टच सांगितलं, या वर्षीच्या निवडीत जमलं नाही तर थांबवू या, पोर आजारी पडेल. आणि निवड त्याच शिरगावच्या रिंकवर होती. गेल्या रविवारी.

सकाळी शाळेच्या नळावर तिनं दोनदा उलटी केली. मग पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागली. मी पाण्याची बाटली घेऊन समोर उभा. तिच्या आधी अजून दोघी होत्या. मान वर न करता ती म्हणाली, "पप्पा, आज रागवू नका हं. मला एक सांगायचंय. मागे मी खोटं बोलले होते. चाक-बिक काही अडलं नव्हतं. मीच घाबरले होते."

मी बाटली खाली ठेवली. चौदा वर्षांची पोर, खरं बोलली म्हणून मार खाल्लेली, माझीच माफी मागत होती! त्या थपडेनं तिला पटलं होतं की ती खोटारडी आहे. मला वाटलं, आता सांगितलं तर मोकळी होईल, पाखरासारखी उडेल. खरं सांगू? मलाच मोकळं व्हायचं होतं. धावत टेम्पोकडे गेलो, फोटोमागची पुडी काढली, येऊन तिच्या पुढ्यात उघडली.

"तुझं खरं होतं, बाळा. हे चाकात होतं. मी फोडलेल्या नारळाचं. तू नव्हतीस घाबरली."

तिनं कपची बोटांत धरली. फिरवून बघितली. "कधी सापडलं?"

"त्याच संध्याकाळी."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, रस्त्यात कुणी अनोळखी माणूस पत्ता विचारतो तेव्हा बघतात तशी. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. कपची तिनं पायरीवर नीट ठेवली आणि गेली.

गाणं सुरू झालं. सुरुवात अशी केली की माहनूर मॅडमनी माझा दंड धरला. "बघा भाऊ, बघा! आज पाय कसे पडताहेत!" मी साईबाबांचं नाव घेत होतो. ती कोपऱ्याकडे वळली. वेग बरोबर होता, खांदे बरोबर होते. आणि डावा पाय टाकायच्या जागी ती थांबली. गुडघ्यावर बसली. तळहातानं जमीन पुसायला लागली. हळूहळू, वीतभर इकडे, वीतभर तिकडे, आई गव्हातले खडे शोधते तशी. गाणं चालूच होतं. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी पोरगं हसलं. मॅडम ओरडल्या, "रेणुका, ऊठ!" ती उठली नाही. सगळा कोपरा पुसून झाल्यावर उभी राहिली आणि गाणं अर्धं सोडून बाहेर आली.

सरळ टेम्पोकडे गेली. मी मागोमाग. बरोबर तीच जागा, टेम्पोच्या मागे, भिंतीकडे. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही बूट माझ्या हातात दिले.

"बघा पप्पा. चाकात काही आहे का."

"राहू दे गं आता. चल घरी, आई वाट बघतेय."

"नाही, बघा. नीट बघा."

मी बघितलं. एकेक चाक बोटानं फिरवलं. आठही चाकं छान फिरली, आवाज न करता. कशातच काही नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग मारा," ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली, हो. जेवायला वाढा म्हणावं तसं म्हणाली. डोळे मिटले, गाल पुढे केला आणि अनवाणी तशीच उभी राहिली.