तीन दिवसांची पाहुणी

"आम्मा, तुला फिरायला नाही, चूल फुंकायला नेतायत," कमरुद्दीन म्हणाला. आखातात, देरा बंदरातल्या एका ऑफिसात टायपिस्ट झाल्यापासून त्याला साऱ्या जगाचं कळू लागलं होतं.

मरियमबीने लेकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रत्नागिरीहून आल्यापासून सहा वर्षं ती एर्ना मॅडमच्या घरी स्वयंपाक करत होती. मॅडमचा नवरा जर्मन इंजिनियर. त्यांच्या भिंतीवर मॅडमच्या गावाचं, हायडेलबर्गचं, चित्र होतं: नदी, दगडी पूल, टेकडीवर तांबडा किल्ला. धूळ पुसता पुसता ते गाव मरियमबीच्या मनात जाऊन बसलं होतं. आणि यंदा, सदुसष्टच्या उन्हाळ्यात, सुट्टीला निघालेली मॅडम चक्क म्हणाली, "तुम भी चलो."

मरियमबीने आधीच सांगून टाकलं, "हमारे में मेहमान तीन दिन बर्तन को हाथ नहीं लगाता. चौथे दिन से घर का आदमी. फिर जो बोलो."

मॅडम हसून म्हणाली, "खलास, बात पक्की! मंजूर."

हायडेलबर्गला मरियमबीने दोन दिवसांत गाव पालथं घातलं. गुडघे कुरकुरले तरी किल्ला चढली, पुलावर तासभर नदी बघत राहिली, बाजारातल्या म्हाताऱ्यांशी हातवारे करून गप्पा हाणल्या. तिसऱ्या संध्याकाळी चर्चमध्ये गाणं होतं. ते तिला ऐकायचंच होतं.

नेमकी दुपारी मॅडम आली. "मरियमबी, रात को आठ लोग आ रहे हैं. तुम्हारा मच्छी का सालन, प्लीज. मैंने सबको बोल दिया."

लेकाचं बोलणं खरं ठरत होतं. नाही म्हटलं आणि नोकरी गेली तर?

"आज तीसरा दिन है, मॅडम," ती म्हणाली. "कल बनाऊँगी. आज मैं गाना सुनने जाती."

मॅडमचा चेहरा पडला. मरियमबी डोक्यावर पदर घेऊन एकटीच निघाली.

दारात सवयीने चपला काढून ती अनवाणीच शेवटच्या बाकावर बसली. ऑर्गन सुरू झाला, मागोमाग पन्नासेक गळे. शब्द एक कळेना, पण ऊर भरून आला. आजवर ती नुसती स्वतःसाठी अशी कुठे बसलीच नव्हती. तिला रडू आलं, आणि फार बरं वाटलं.

गाणं अर्ध्यावर आलं असताना बाकाशेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. मॅडम.

"मेहमान?" मरियमबीने हळूच विचारलं.

"घर में. ब्रेड और चीज खा रहे हैं." मॅडम घुटमळली. "सॉरी, मरियमबी."

सहा वर्षं मॅडम समोर आली की मरियमबी उठून उभी राहायची. आज ती उठली नाही. जरा सरकली आणि म्हणाली, "बैठो."