ईश्वरप्पांच्या मनगटावरचा दिवा

शाल जराशी सरकली, आणि मेलेल्या ईश्वरप्पांच्या मनगटावर दिवा जळताना सगळ्यांना दिसला. त्यांच्या मुलीच्या, काव्याच्या, अंगावर सर्रकन काटा आला. दिवा तिनंच केला होता ना!

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा तो प्रकल्प. मनगटी पट्ट्यावर बसवलेली आरशासारखी चकचकीत, काळी सिलिकॉनची चकती. एका बाजूला गरम नि दुसऱ्या बाजूला गार असलं की वीज होते, आणि वरचा इवलासा दिवा लागतो. पण सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय विचारता, हवाच अंगाहून गरम! म्हणून पोरीनं शहाणपणा केला. अंग हवेहून गरम असो की गार, दिवा लागलाच पाहिजे, अशी जोडणी केली. बापानं हौसेनं पट्टा बांधला आणि टॉवेलच्या कारखान्यात मिरवून आला.

पहाटे ईश्वरप्पा गेले. डॉक्टर येऊन सांगून गेले. थोरला मुलगा शरणबसव बेंगळुरूहून यायचा होता, म्हणून लिंगायतांच्या रीतीनं भिंतीला टेकवून बसवलेल्या देहाभोवती बर्फाच्या लाद्या रचल्या. गळ्यातलं इष्टलिंग काढत नाहीत, तसा आंघोळ घालणाऱ्यांनी हातचा पट्टाही काढला नाही.

आता शरणबसव आला होता, उचलायची तयारी झाली होती, आणि काव्याची आई गिरिजाबाई दारात आडव्या बसल्या.

"अय्यो, ह्ये जिवंत हाईत! कोन हात लावतंय तेच बघते!"

"अव्वा, अप्पा गारठलेत म्हणून पेटलाय गं. जितके गार पडतील तितका जास्त पेटणार," काव्या म्हणाली.

गिरिजाबाई ऐकतात कुठल्या! शेवटी काव्यानं पट्टा सोडून आईच्याच मनगटाला बांधला. दिवा कसाबसा मिणमिणला. गिरिजाबाईंनी तो काढला, नवऱ्याच्या हाताला लावला. दिवा लख्ख पेटला.

"बघितलंस? माझ्यापरीस त्यांच्यातच जास्ती जीव हाय की!"

शेजारच्या ईरम्मानं दिव्याला हात जोडले. उचलणारे दोन पावलं मागं सरले. शरणबसव हळूच म्हणाला, "काव्या, थोडं थांबायचं का?"

काव्यानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. पापणी हलल्यासारखी वाटली, आणि क्षणभर तिलाही वाटलं, थांबावं. त्याच क्षणाची तिला भयंकर भीती वाटली. तिनं हिसडा मारून वायर तोडली.

दिवा विझला.

"मारलंस गं!" गिरिजाबाईंनी ऊर बडवला. "तुझ्या अप्पाला मारलंस!"

काव्यानं भावाकडं पाहिलं. शरणबसव तिला वळसा घालून पुढं गेला आणि बापाला उचलायला लागला.