सात नंबरच्या खाटेचं चाक

लहान मुलांच्या वॉर्डातली सात नंबरची खाट सकाळी दहाला नादुरुस्त झाली. निदान मोठ्या सिस्टरांनी नोंदवहीत तसं लिहिलं : ‘चाक अडकतं.’ या वॉर्डात मूल गेलं की त्याच्या खाटेचं चाक त्याच दिवशी अडकायचं आणि दुसऱ्या सकाळी आपोआप सुटायचं. वीस वर्षांत एकाही साहेबाला हा योगायोग खटकला नाही. त्यासाठी नोंदवही वाचावी लागली असती.

नवे व्यवस्थापक मात्र वाचत. त्यांनी लगेच मिस्त्री पाठवला.

खाटेपाशी धाकटी सिस्टर उभी होती. नोकरीचा तिसरा महिना, आणि तिने जाताना पाहिलेलं हे पहिलंच मूल. सहा वर्षांची ती पोर रोज सगळ्यांचे हात धुतलेत का ते तपासायची, म्हणून ‘इन्स्पेक्टरबाई’. साडेसातला ती गेली. धाकटीने तेव्हापासून चादर चारदा बदलली होती.

मिस्त्रीने खाट पुढे ढकलली, मागे ओढली. “चाक तर झकास आहे, बाई.”

“नीट बघा. चष्मा काय शोभेला लावलाय?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रीने धाकटीकडे पाहिलं. मग कठड्याला चिकटवलेल्या कागदाकडे. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘आधी हात दाखवा.’ तो खाली बसला, पाना काढला आणि धडधाकट चाक सोडवून हातात घेतलं.

“फारच बिघडलंय हो. आजचा दिवस जाईल.”

“मी काय म्हणत होते!”

दोनच्या सुमाराला खालून फोन आला. चार वर्षांचा मुलगा, न्यूमोनिया, खाट आहे का? बाकीच्या सगळ्या भरलेल्या. मोठ्या सिस्टरांनी फोनवर हात ठेवला. “शेजारच्या वॉर्डात विचारते.”

धाकटीने त्या तीन चाकांच्या खाटेकडे पाहिलं, मग चाक घेऊन अजून तिथेच बसलेल्या मिस्त्रीकडे.

“मिस्त्रीकाका, चाक बसवा.”

“आजचा दिवस म्हणालो होतो ना, पोरी?”

“झाला तेवढा पुरे.”

दोन मिनिटांत चाक बसलं. धाकटीने कठड्यावरचा कागद काढायला हात नेला, आणि तसाच राहू दिला.

मुलगा आला, तापलेला, धापा टाकणारा. ती त्याला ऑक्सिजन लावायला वाकली, थबकली, धावत बेसिनशी जाऊन आली आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले.

“बघ. चालतील?”

त्याने धापा टाकतच ते निरखून पाहिले.

“ओले आहेत,” तो म्हणाला.

तिने निमूटपणे पुसले.